दगडाची शिल्लक

शेजारच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. टिळकनगरात सध्या कुठल्या बिल्डिंगचं चालू नाही हाच खरा प्रश्न आहे, पण ते असो. पायलिंगचं मशीन सकाळपासून जमिनीत घुसत असतं, आमच्या खिडकीच्या काचा बारीक थरथरत राहतात आणि खालून जे काय निघतं त्याचा ढीग पत्र्याच्या कुंपणाला लागून पडलेला असतो. तर एका रविवारी त्या सोसायटीचे सेक्रेटरी काका श्रीखंडाचा डबा घेऊन दारात. मला वाटलं काकूंनी काहीतरी पाठवलंय. झाकण उघडलं तर आत काळाकुट्ट, ओला, चिकट गाळ, वर थोडं पाणी सुटलेलं आणि त्या पाण्यावर रंगीत तवंग. "अगं, तू तेलवाल्यांत आहेस ना, बघ बरं हे. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस चिखल म्हणतोय, पण मला काही हा साधा चिखल वाटत नाही."

बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. सडक्या अंड्यांचा. मानखुर्द सुटून वाशीचा पूल लागला की ओहोटीच्या वेळी डब्यात जो वास शिरतो, तोच. म्हटलं, काका, खाडीचा गाळ आहे हा, तवंग बहुतेक मशीनच्या डिझेलचा, तेलबिल काही नाही. काकांचा चेहरा पडला. त्यांना फेब्रुवारी १९७४ आठवतो, समुद्रात विहीर खणणाऱ्या सागर सम्राट रिगला तेल लागलं तेव्हा ते कॉलेजात होते, आणि तेव्हापासून मुंबईखाली तेल आहे हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, मग ते किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर का असेना. थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "बरं, तुमच्या लॅबमध्ये जे दगड येतात, त्यात तरी असतं ना तेल?" मी म्हटलं, तसं बघायला गेलं तर फारसं नसतंच, कधी कधी थोडं.

"मग दिवसभर तपासता काय?"

चहा पिऊन गेले, डबा ओट्यावर तसाच राहिला. आता या प्रश्नाला उत्तर नाही असं काही नाही, व्हिजिटर आले की दाखवायला माझ्याकडे स्लाइड्स तयार असतात, रंगीत बाणबीण असलेल्या. पण काकांनी विचारलं त्यात एक सरळपणा होता आणि तो मला सोमवारी लोकलमध्ये छळत बसला. तेल असतं तिथे विहीर खणतात हे सगळ्यांना कळतं. ज्या दगडात तेल मिळणार नाही हे आधीच माहितीये, तो दळून, तोलून, भट्टीत घालून त्याचे आकडे लिहीत बसणारी बाई नक्की काय करते, हे मलाच स्वतःला सोप्या मराठीत सांगून बघायचं होतं.

आमच्याकडे येतात ती बहुतेक कटिंग्ज. ड्रिलिंग करताना खालचा दगड फुटतो, त्याचे तुकडे मडबरोबर, म्हणजे भोकात सोडलेल्या पातळ चिखलाबरोबर वर येतात, रिगवर चाळणीवर गाळले जातात आणि कापडी पिशवीत भरून पिशवीवर मार्करने खोली लिहितात, अमुक मीटर ते तमुक मीटर. समुद्रातून किनाऱ्यावर, तिथून लॅबमध्ये. पिशवी उघडली की पहिला येतो तो मडचा वास, आणि ऑइल बेस, म्हणजे तेलात कालवलेलं मड वापरलं असेल तर विचारूच नका, हात कितीही धुवा, दुपारच्या डब्यातल्या पोळीलासुद्धा तोच वास. मग धुवायचं, गरज असेल तर सॉल्व्हंटने, मंद आचेवर वाळवायचं, आणि मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक तुकडा वेगळा करायचा. राखाडी-काळे शेलचे, म्हणजे चिखलाचा दगड झालेला असतो त्याचे तुकडे घ्यायचे, चुनखडक बाजूला. वरच्या थरातले तुकडे भिंतीवरून ढासळून खालच्यांत मिसळलेले असतात, त्यांना केव्हिंग्ज म्हणतात, ते ओळखायला नजर लागते आणि ती पुस्तकातून येत नाही. कधी कधी अक्रोडाच्या सालीचे तुकडे निघतात! भोकातून मड गळायला लागलं की गळती बुजवायला ते टाकतात. नवीन मुलांना ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं लाकूड वाटतं, त्यांचे डोळे मोठे होतात, आणि मग मला सांगावं लागतं की बाबा हे मार्केटातलं आहे.

निवडलेला शेल खलबत्त्यात बारीक करायचा आणि त्यातली चिमूटभर, साधारण साठ-सत्तर मिलिग्रॅम, छोट्या धातूच्या वाटीत घालायची. एवढ्याशा चिमटीवर खाली पसरलेल्या शेकडो चौरस किलोमीटर थराचा निकाल लागतो हे मला अजूनही थोडं विचित्र वाटतं. मशीनचं नाव रॉक-इव्हॅल. फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत तयार झालं, १९७७ मध्ये पद्धत प्रसिद्ध झाली आणि आज जगातली बहुतेक तेलवाली मंडळी याच आकड्यांच्या भाषेत बोलतात. आत हवा लागू द्यायची नाही, नायट्रोजन किंवा हेलियम सोडायचा, कारण हवा लागली तर सगळं जळून जाईल आणि आपल्याला जाळायचं नाहीये, तापवायचंय. आधी तीनशे डिग्रीला काही मिनिटं धरायचं, तेव्हा दगडात जे हायड्रोकार्बन, म्हणजे तेल-वायू, आधीच तयार होऊन बसलेलं असतं ते वाफ होऊन निघतं, तो एस-वन. मग दर मिनिटाला पंचवीस डिग्री चढवत सहाशेच्या पुढे न्यायचं, आणि आता दगडातलं केरोजेन तुटायला लागतं. केरोजेन म्हणजे गाडल्या गेलेल्या शेवाळांचं, पानांचं, लाकडांचं जे काही न विरघळणारं होऊन बसलेलं असतं ते. ते तुटून जे निघतं तो एस-टू. मशीनमध्ये हायड्रोजनची एक बारकी ज्योत असते, निघालेली वाफ तिच्यातून जाते, किती जळलं त्याचा सिग्नल येतो आणि स्क्रीनवर एक छोटं टेकाड आणि मग एक डोंगर उभा राहतो.

तर काका जे विचारत होते ते एस-वन. आहे का, हो की नाही. आणि मी आयुष्यभर बघत आलेय तो मुख्यतः एस-टू. म्हणजे हा दगड अजून किती देऊ शकतो. ग्रॅममागे अडीच मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पुअर, पाचच्या पुढे गुड, दहाच्या पुढे मग आमचे चेहरे उजळतात. सोबत एकूण सेंद्रिय कार्बन किती ते बघायचं, टीओसी, तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर बोलायलाच नको. पण कार्बन खूप म्हणजे तेल खूप असंही नाही, इथे भलेभले फसतात. कोळशात कार्बन ढिगाने असतो पण त्या मानाने हायड्रोजन कमी, म्हणून त्यातून निघतो जास्त करून गॅस. म्हणून एस-टूला टीओसीने भागून, शंभरने गुणून हायड्रोजन इंडेक्स काढायचा. तलावातलं नाहीतर समुद्रातलं शेवाळ असेल तर तो सहाशेच्या वरही जातो, झाडपाल्याचा असेल तर दोनशेच्या आतबाहेर घुटमळतो.

मुंबईच्या समुद्राखाली जो मुख्य तेल देणारा दगड मानतात ते पन्ना फॉर्मेशन, आणि त्यात बराच भाग झाडपाल्याचा आहे. दख्खनचा लाव्हा ओतून झाला, थंड झाला, आणि मग त्या काळ्या बसाल्टच्या खाचाखोचांत, दलदलीत, खाड्यांच्या तोंडाशी चिखल साठत गेला, शेल आणि मधे मधे कोळशाचे पट्टे. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या आसपास होता आणि आशियाला धडकायला निघाला होता. पुढे वस्तानला, सुरतेकडच्या लिग्नाइटच्या खाणीत, साधारण त्याच जमान्याच्या शेवटाशेवटाचा काळा थर उघड्यावर बघितला तेव्हा मला खरं कळलं मी इतकी वर्षं चिमटीत काय पकडत होते. त्यात राळेचे पिवळे-तपकिरी खडे असतात, आत किडे अडकलेले. त्या झाडांचं जंगल कसं असेल, पावसाचा आवाज कसा असेल, हे सगळं डोक्यात येऊन जातं आणि रिपोर्टात मात्र लिहायचं टाइप थ्री, गॅस प्रोन, म्हणजे झाडपाल्याचा, गॅसकडे झुकणारा.

पन्नाच्या वर जे थर येतात त्यांची नावं वाचताना मला अजून हसू येतं. बेलापूर, बेसीन, अलिबाग, पनवेल, माहीम, बांद्रा, आणि सगळ्यात वर चिंचणी. मी रोज टिळकनगरहून पनवेलची गाडी पकडते, बेलापूर सुटलं की पुस्तक बॅगेत टाकते, आणि लॅबमध्ये जाऊन पुन्हा बेलापूर-पनवेलच लिहीत बसते, फक्त इथे ती स्टेशनं उभी, एकाखाली एक, आणि दोन स्टेशनांच्या मधे लाखो वर्षं.

आमचे एक सर होते, आता रिटायर झाले, त्यांच्याकडे मी हे काम शिकले. ते सांगायचे, भाजणी करतेस ना घरी, तेवढं आलं की पुरे. कच्ची, खमंग, करपलेली, यापलीकडे मॅच्युरिटीत काही नाही. एस-टूचा डोंगर ज्या तापमानाला सगळ्यात उंच होतो तो टीमॅक्स. तो ४३५ च्या खाली असला तर दगड कच्चा, खाली पुरेसा तापलाच नाही. तिथून पुढे ४६०-४७० पर्यंत खमंग, तेलाचा काळ. त्याच्या वर गेला की करपला, आता गॅस, आणि मग तोही नाही. पण सरांची भाजणी एका ठिकाणी अडते. निसर्गात हे सगळं साधारण शंभरेक डिग्रीच्या आसपास होतं, म्हणजे चहाच्या उकळत्या पाण्याइतकं, फक्त लाखो-कोटी वर्षं. आमच्याकडे तेवढा वेळ नाही म्हणून आम्ही आच वाढवतो आणि अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. ४३५ डिग्री वाचून कॉलेजातल्या पोरांना वाटतं खाली एवढं तापलेलं असतं. तसं नाही. तो आकडा भट्टीतला आहे, जमिनीतला नाही. वेळेच्या बदल्यात उष्णता. हे चालतं, ठरलेल्या गणिताने चालतं, तरी दर वेळी मशीनचं झाकण उघडून काळी वाटी बाहेर काढताना मला किंचित घाई केल्यासारखं वाटतं, खरंच.

आता मुद्द्याचं. एस-टू सांगतो किती उरलंय. किती होतं ते नाही सांगत.

समजा दोन दगड आले. दोघांचा एस-टू एक-दीड. दोघांच्या समोर रिपोर्टात शब्द येणार, पुअर. पण पहिल्यात मुळातच काही नव्हतं, वाळूमिश्रित चिखल, ऑक्सिजन भरपूर, जे काय पडलं ते किड्यांनी-जंतूंनी खाऊन टाकलं. आणि दुसरा दगड खोल खड्ड्यात गेला, तापला, होतं नव्हतं ते सगळं तेल करून सोडून दिलं, आणि आता रिकामा बसलाय. मुंबई हायचंच बघा, काकांच्या १९७४ वाल्या तेलाचं. नावातच हाय आहे, तो उंचवटा आहे, तिथलं तेल ज्या चुनखडकात सापडतं तो मायोसीन काळातला, बराच नंतरचा, आणि त्याने स्वतः काही तेल केलेलं नाही, त्याच्या भोकांत ते येऊन थांबलंय. तयार झालं ते आजूबाजूच्या सखल, खोल भागांत, पन्नाच्या शेलमध्ये, आणि तिथून दगडांच्या फटींतून वर सरकत सरकत आलं. १९७६ ला उत्पादन सुरू झालं, देशाचं केवढं काम झालं, चेंबूरला माहुलच्या रिफायनरीचा वास आम्ही लहानपणापासून घेत आलो. सगळं नाव उंचवट्याचं. ज्या खड्ड्यातल्या दगडाने दिलं, त्याचा नमुना उद्या माझ्या वाटीत आला तर मशीन त्याला पुअरही म्हणू शकेल. इथे आईवडिलांची, गिरणी कामगारांची अशी काहीतरी उपमा द्यायचा मोह होतो. देत नाही. दगडाला दुःख नसतं. पण वाचणाऱ्याला चुकीचं कळू नये एवढं तर बघायला पाहिजे ना.

आणि गंमत म्हणजे नेमका अशा रिकाम्या दगडाच्या बाबतीतच टीमॅक्स पण दगा देतो. डोंगरच नाही तर शिखर कुठलं शोधणार, एक चपटी रेघ येते आणि मशीन तिच्यावर कुठेतरी बोट ठेवतं. अशा वेळी त्या आकड्यावर विश्वास ठेवणारे लोक मी मीटिंगमध्ये पाहिलेत, छातीठोक बोलतात. तिथे मग जुना मार्ग, व्हिट्रिनाइट. लाकडाचा गाडला गेलेला कण, दगडाची गोटी करून घासूनपुसून आरशासारखी करायची, मायक्रोस्कोपवर तेलाचा थेंब टाकून बघायचं की त्यावरून प्रकाश किती टक्के परत येतो. जितका जास्त तापलेला तितका जास्त चमकतो. साधारण ०.६ टक्क्याला तेल सुरू, १.३ च्या आसपास संपतं. अंधाऱ्या खोलीत बसून असे पन्नास-शंभर कण मोजायचे असतात, एकेक, आणि त्यातही जुन्या खडकातून झिजून आलेले कण लबाडी करतात, उगाचच जास्त चमकतात. डोळे जातात हो यात. पण मला या कामाची सवय लागलीय, त्या खोलीत फोनला रेंज नसते हेही एक कारण आहे.

माझी पुतणी एन्व्हायर्न्मेंटमध्ये एमएस्सी करतेय. तिला माझं काम पटत नाही, ती तोंडावर सांगते, आत्या, जे खाली आहे ते खालीच राहू दे ना. मी वाद घालत नाही, थोडं पटतं पण आणि पगारही लागतो, आणि गॅसची शेगडी पेटवून हा वाद घालायचा हे मला जरा अवघड जातं. पण मधे ती एक पेपर घेऊन आली आणि जरा चकित होऊन म्हणाली, अगं, तुझंच मशीन आहे यात. मातीतला कार्बन किती टिकाऊ आहे, लवकर सुटून हवेत जाईल की राहील, हे बघायला आता माती शास्त्रज्ञ रॉक-इव्हॅल वापरतात. त्याच भट्टीत, तोच चढत जाणारा आलेख, प्रश्न मात्र बरोबर उलटा. आम्ही विचारतो बाहेर किती येईल, ते विचारतात आत किती राहील. मला ते फार आवडलं. मग तिला ओट्यावरचा डबा दिसला. तिवरांजवळचा, खाडीचा, हवा न लागलेला गाळ, तिच्या दृष्टीने सोनंच. "आत्या, चालव ना हा." म्हटलं, बाहेरचा सॅम्पल चालवायला फॉर्म भरावा लागतो, कारण लिहावं लागतं, सेक्रेटरी काकांचं समाधान हे कारण बसत नाही त्यात. पण काय येईल ते मी तिला न चालवता सांगितलं. टीमॅक्स ४३५ च्या बराच खाली, तापलाच नाहीये. कार्बन डायऑक्साइडवाला आकडा, एस-थ्री, चांगला वर, कारण ताज्या सेंद्रिय पदार्थाच्या रेणूंतच ऑक्सिजन भरपूर, हवा लागलेली नसली तरी. म्हणजे अगदी कच्चा. बिल्डिंगऐवजी यावर दोन-तीन किलोमीटर गाळ साठला असता आणि थांबायला कोणी असतं तर काकांचं बरोबरही निघालं असतं, गॅस तरी बहुतेक.

काका जिन्यात भेटले तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आहे म्हणतेस?" मी म्हटलं, नाही. "पण होईल?" म्हटलं, होऊ शकतं. "हे कसलं उत्तर," म्हणाले आणि पाण्याच्या टँकरवाल्याला फोन लावला.

पण खरंच, आमच्या कामात उत्तर असंच असतं आणि ते कोणाला आवडत नाही. विहिरीत तेल लागलं की यूव्ही लाइटखाली कटिंग्ज सोनेरी चमकतात, रिगवर शो मिळाला म्हणून फोनाफोनी होते, तेव्हा आमची आठवण कोणाला नसते. वेल ड्राय गेली की मग महिन्या-दोन महिन्यांनी पिशव्या येतात, का गेली ते सांगा. तेल झालंच नाही, की झालं आणि भलतीकडे गेलं, की अडवणारा दगडच नव्हता. यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे. पुढच्या विहिरीचे काही शे कोटी त्या उत्तरावर थोडेफार अवलंबून असतात, आणि ते उत्तर बहुतेक वेळा एक्सेलच्या एका चौकोनात मागितलेलं असतं.

परवाच अशी एक बॅच संपवली. वरचे शेल कच्चे, ते सोपं. काहींत मडमधल्या डिझेलची भेसळ, एस-वन फुगलेला, एस-टूच्या डोंगराला पुढे खांदा आलेला, ते धुवून परत चालवले. आणि अगदी तळाला, बसाल्टच्या जरा वर, काही नमुने एस-टू एकच्या आत. टीओसी मात्र दीडच्या वर. टीमॅक्सची चपटी रेघ. मायक्रोस्कोपवर बसले, व्हिट्रिनाइट १.४ च्या पुढे. म्हणजे देऊन झालेला दगड. आज कार्बन एवढा उरलाय तर आधी किती असेल, इंडेक्स किती असेल, याचा हिशेब मागे जाऊन मांडता येतो, गृहीतकं धरावी लागतात, ती मी धरली आणि कुठली धरली तेही लिहिलं. नवीन मुलगा आहे टेबल भरायला, हुशार आहे, त्याने त्या ओळींसमोर ड्रॉपडाउनमधून पुअर निवडलं होतं. मी ते काढून लिहायला सांगितलं, सध्याची क्षमता कमी, पण दगड अतिपक्व, मूळ क्षमता चांगली असण्याची दाट शक्यता, तेल-वायू तयार होऊन गेल्याचं दिसतं, शेजारच्या उंच भागांत शोधावं.

तो म्हणाला, "मॅडम, रिमार्क्सच्या कॉलममध्ये एवढं मावत नाही."

"मग कॉलम रुंद कर."